भरतपूर : पक्ष्यांचं गाव, पाण्याचं गणित

"भरतपूरला आहे काय बघायला? पक्षी? ते तर आपल्या कॅन्टीनबाहेर पण बसतात. समोशाचा तुकडा टाकला की हातातून घेऊन जातात!"

सेमिस्टर संपल्यावरची ट्रिप ठरवताना आमच्या ग्रुपची ही पहिली प्रतिक्रिया होती. आग्रा सगळ्यांना हवं होतं, फत्तेपूर सिक्रीला पण कोणाची हरकत नव्हती. भरतपूर मात्र मी एकटीने रेटलं. शेवटी तोडगा निघाला तो नकाशामुळे. फत्तेपूर सिक्रीपासून भरतपूर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे आणि मुंबईहून दिल्लीकडे जाणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या काही गाड्या तिथे थांबतात. म्हणजे उतरायचंच तिथे, दोन दिवस राहायचं आणि मग आग्र्याला जायचं. ओरल्स झाल्या, जर्नल्स सबमिट केली आणि डिसेंबरच्या थंडीत आम्ही पाच जणं निघालो.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी हा शेवटच्या तासाचा विषय होता, त्यामुळे या लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर मोठ्या मनाने माफ करा. पक्ष्यांची मराठी नावं मला येत नव्हती, ती परत आल्यावर आजोबांच्या मागे लागून लिहून घेतली. कूट नावाच्या पाणपक्ष्याला मराठीत 'वारकरी' म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं? काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा आणि कायम घोळक्याने चाललेला. ज्याने कोणी हे नाव ठेवलं त्याला माझा नमस्कार!

पहिली सकाळ

केवलादेव राष्ट्रीय उद्यान भरतपूर शहराला लागूनच आहे. ताडोबासारखं लांब जंगलात जायला नको. जयपूर-आग्रा हायवेवर गेट, तिकीट काढलं की आत. पार्क अगदी लहान, जवळजवळ २९ चौरस किलोमीटर. भोवती दगडी भिंत. आणि एवढ्याशा जागेत आजवर साडेतीनशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदले गेलेत. १९८१ मध्ये भारतातली पहिली दोन रामसर स्थळं जाहीर झाली, त्यात ओरिसाच्या चिलिकाबरोबर हे होतं. (रामसर हे इराणमधलं गाव. तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागा वाचवण्यासाठीचा जागतिक करार झाला.) १९८२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं.

गेटवर सायकली भाड्याने मिळतात. बरोबर गाइड म्हणून एक सरदारजी आले. साठीच्या आसपासचे, पांढरी दाढी, गळ्यात जुनी दुर्बीण. आयुष्यभर याच पार्कात त्यांनी सायकल रिक्षा ओढली. भरतपूरच्या रिक्षावाल्यांना पक्षी दाखवण्याचं ट्रेनिंग फॉरेस्ट खात्याने दिलं, त्यातले हे एक. गुडघे गेल्यावर रिक्षा सोडली आणि नुसतं गाइडचं काम धरलं. लॅटिन नावांसकट पक्षी सांगतात. आमच्यातल्या एकाने पहिल्याच मिनिटाला विचारलं, "अंकल, टायगर है क्या?" ते हसले. म्हणाले, "बेटा, टायगर वाले लोग दूसरी तरफ जाते हैं. यहाँ चुप रहने वाले लोग आते हैं." त्यानंतर तो मुलगा खरंच अर्धा तास गप्प होता. आमच्या वर्गात हा रेकॉर्ड आहे.

धुकं इतकं होतं की पहिला अर्धा तास काही दिसलंच नाही, फक्त ऐकू आलं. आत जाणारा रस्ता बांधावरून जातो. दोन्ही बाजूंना पाणी आणि पाण्यात उभी बाभळीची झाडं. आधी एक मोठा कलकलाट, बाजारपेठेसारखा. मग हळूहळू धुकं उचललं गेलं आणि त्या बाभळींवर चित्रबलाक दिसायला लागले. हा करकोच्याच्या जातीचा पक्षी कमरेइतका उंच असतो. पिवळी लांब चोच, नारिंगी चेहरा आणि शेपटाकडे गुलाबी पिसं. एकेका झाडावर दहा-पंधरा घरटी, त्यात मोठी झालेली पिल्लं आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागलेली. होस्टेलच्या मेसची आठवण झाली!

मग एकामागून एक. मान तेवढी पाण्याबाहेर काढून सापासारखा पोहणारा तिरंदाज. पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. (त्यांची पिसं बदकांसारखी पाणी पूर्ण झटकत नाहीत, त्यामुळे बुडी मारणं सोपं जातं, पण नंतर वाळवत बसावं लागतं.) कमळाच्या पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी. चमच्यासारख्या चोचीचा चमचा. पट्टकादंब नावाचे हंस, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले, जे हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर ट्रान्समीटर बसवून मोजलं तेव्हा सात हजार मीटरच्या आसपासची उंची मिळाली. आम्हाला दुसऱ्या मजल्यावरच्या ड्रॉइंग हॉलपर्यंत चढताना दम लागतो.

दुपारी ऊन पडल्यावर सरदारजींनी कोरड्या भागात बिळाबाहेर ऊन खात पडलेला अजगर दाखवला. नीलगाई, चितळ, कोल्हे तर रस्त्यातच भेटले. आणि संध्याकाळी पलीकडच्या शेताच्या बाजूला सारसांची जोडी. माणसाएवढे उंच, राखाडी, लाल डोक्याचे. दोघांनी माना वर करून एकदम साद घातली तेव्हा कॅमेरा हातात असून कोणी फोटो काढला नाही.

हे 'नॅचरल' नाही!

खरं तर लेख इथे संपायला हवा होता. 'निसर्गाच्या कुशीत दोन दिवस' वगैरे. पण मी सिव्हिलची आहे, आणि सिव्हिलवाल्याला बांध दिसला की तो कोणी बांधला हे विचारल्याशिवाय राहवत नाही.

रस्त्यात एका चौकाचं नाव आहे सपन मोरी. 'मोरी' वाचून आम्ही सगळे हसलो. तिथून पुढे जाताना बांधाच्या भिंतीत एक लोखंडी स्क्रू आणि त्याला लावलेलं दार दिसलं. स्लुइस गेट! हायड्रॉलिक्सच्या पुस्तकात चित्र असतं अगदी तसं. पुढे अजून एक. मग अजून एक. मी सरदारजींना विचारलं, "हे इथे कशाला?" ते म्हणाले, "सारा पार्क इसी से चलता है."

हे वाक्य त्या ट्रिपमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य होतं असं मला आता वाटतं. थोडं समजावून सांगते.

भरतपूरची ही जागा मुळात एक खोलगट भाग. १८ व्या शतकात महाराजा सूरजमल यांच्या काळात गंभीर आणि बाणगंगा या नद्यांच्या संगमाजवळ अजान बांध बांधला गेला आणि या खोलगट भागात पाणी साठायला लागलं. पुढे १९ व्या शतकाच्या शेवटी संस्थानने इथे कालवे, छोटे बांध आणि गेट्स करून पाण्याचे वेगवेगळे कप्पे पाडले. कशासाठी? पक्षी वाचवायला? नाही हो. मारायला! बदकांची शिकार हा त्या वेळी राजे आणि इंग्रज साहेबांचा मोठा खेळ होता. पाणी हवं तेवढंच ठेवलं की बदकं हमखास उतरतात, आणि बांधावरून बंदूक चालवायला सोपं जातं.

केवलादेवाचं म्हणजे शंकराचं छोटं देऊळ पार्कच्या मध्यावर आहे, त्यावरूनच नाव पडलं. त्याच्या जवळ दगडी फलक लावलेत. तारीख, पाहुण्याचं नाव, बंदुका किती आणि पक्षी किती. कॉलेजमधल्या रँक होल्डर्सच्या बोर्डसारखे. १९३८ च्या नोव्हेंबरमधली एक ओळ आहे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या नावाची. त्या शिकारीत मारलेले पक्षी ४२७३. एका शिकारीत. आमच्यातल्या एकाने नुसतं 'बापरे' म्हटलं आणि नंतर कोणी काही बोललं नाही.

म्हणजे बघा, ज्या इंजिनियरने हे गेट्स आखले त्याने ते शिकारीसाठी आखले. आणि आज तेच गेट्स पक्ष्यांना जगवतात. मशीन तेच, फक्त वापर बदलला.

पाणी किती खोल हवं?

मला वाटायचं की पाणथळ जागा म्हणजे भरपूर पाणी. जितकं जास्त तितके पक्षी जास्त. पण सरदारजींनी एका जागी उभं करून आमचा हा गैरसमज काढला.

डाव्या कप्प्यात पाणी खोल होतं. तिथे बुड्या मारणारे पाणकावळे आणि तिरंदाज. उजव्या कप्प्यात उथळ. तिथे थापट्या, तलवार बदक असली डोकं खाली, शेपूट वर करून खाणारी बदकं. अजून पुढे नुसता चिखल, तिथे चोचीने टोचत फिरणारे छोटे पक्षी. एकाच रस्त्यावरून शंभर पावलांत तीन वेगळ्या 'खानावळी'. सगळे कप्पे एकाच लेव्हलला भरले तर दोन खानावळी बंद पडतील.

आणि चित्रबलाकाची तर गंमतच आहे. तो अर्धवट उघडी चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे फिरवत चालतो. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी दिसणारच नाही, तो चोचीला लागला की चोच पटकन मिटते. आता हे जमायला कमी जागेत खूप मासे पाहिजेत. ते कधी होतं? पावसाळ्यात नदीच्या पाण्याबरोबर माशांची बारीक पिल्लं आत येतात, उथळ उबदार पाण्यात वाढतात, आणि पाऊस संपल्यावर पाणी हळूहळू उतरायला लागलं की तेच मासे कमी पाण्यात दाटीवाटीने राहतात. नेमकी त्याच वेळी घरट्यात पिल्लं असतात. म्हणजे पाणी येणं जेवढं गरजेचं, तेवढंच ते उतरणं गरजेचं. जूनमध्ये पार्कात मोजक्याच डबक्यांत पाणी उरतं, तेही या गणितातच धरलेलं आहे.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे स्टेडी स्टेट नाही. हे सायकल आहे. आणि सायकलची वेळ चुकली की सगळंच चुकतं.

म्हशी बाहेर, गवत आत

आता एक अशी गोष्ट जी ऐकून मी खरंच चक्रावले.

आजूबाजूच्या गावांतली गुरं, विशेषतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या इथे चरायला येत. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि नियमाप्रमाणे चराई बंद झाली. विचार अगदी सरळ होता. जंगल म्हणजे माणूस आणि गुरं बाहेर. सलीम अलींसारख्या जाणकारांचं मतही तेव्हा बंदीच्या बाजूने होतं. गावकऱ्यांनी विरोध केला, त्या नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मेले.

बंदी टिकली. पण पुढे काय झालं? म्हशी पाण्यात उतरून जे गवत खायच्या, ते पास्पलम नावाचं पाणगवत आता खायला कोणी नव्हतं. ते वाढलं, पसरलं आणि उघडं पाणी झाकायला लागलं. बदकांना उतरायला जागा कमी, मासे कमी. हे कोणी सिद्ध केलं? आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने. सलीम अलींची आयुष्यभराची हीच संस्था. तिने १९८० ते १९९० अशी दहा वर्षं इथे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की चराईबंदीने पाणथळ जागेचं नुकसान झालं. आपल्याच आधीच्या मताच्या विरुद्ध निकाल आला तरी तो छापला, याचं मला फार कौतुक वाटलं. आम्ही तर लॅबमध्ये रीडिंग चुकलं की आधी आन्सर बघतो आणि मग रीडिंग 'घेतो'.

१९९० मध्ये रामसर कराराच्या धोक्यातल्या जागांच्या यादीत भरतपूरचं नाव गेलं. कारणं दोन : पाणी कमी आणि चराईचा बिघडलेला तोल. नंतर गावकऱ्यांना आत येऊन गवत कापून न्यायची परवानगी दिली गेली. म्हशीचं काम माणसाने विळ्याने करायचं. पण त्या गोळीबारात गेलेल्यांना ही परवानगी काय कामाची?

सरदारजी यावर एवढंच म्हणाले, "साहब लोगों ने सोचा जंगल को अकेला छोड़ दो. ये जंगल अकेला कभी था ही नहीं."

पांचनाचं पाणी

आता मुख्य मुद्दा. गेट्स आहेत, कप्पे आहेत, पण पाणी येतं कुठून?

अजान बांधात पाणी यायचं ते मुख्यतः गंभीर नदीतून. या नदीच्या वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पाच नद्या एकत्र येतात तिथे पांचना नावाचं मातीचं धरण आहे. २००४ सालच्या सुमारास धरणाजवळच्या शेतकऱ्यांनी ठाम भूमिका घेतली की पाणी आधी आम्हाला, मग पक्ष्यांना. पाणी सुटलं नाही. त्या आणि पुढच्या काही वर्षांत पार्क कोरडा पडला. चित्रबलाकांची ती मोठी वसाहत घरटी न बांधता निघून गेली. कोरड्या जमिनीवर वेडी बाभूळ पसरली.

"मैंने झील के बीच में रिक्षा चलाया है," सरदारजी म्हणाले. तळ्याच्या मध्यातून, जिथे आम्ही उभे राहून पट्टकादंब बघत होतो तिथून. पक्षी नाहीत म्हणून टुरिस्ट नाहीत, टुरिस्ट नाहीत म्हणून रिक्षा नाही. त्या हिवाळ्यात त्यांनी शहरात भाजी विकली असं सांगितलं. पुढे विचारायचा धीर आम्हाला झाला नाही.

याच्या थोडं आधी अजून एक गोष्ट संपली होती. सायबेरियन क्रौंच. पांढराशुभ्र, लाल चेहऱ्याचा, सायबेरियातून हजारो किलोमीटर उडून येणारा. भारतात येणाऱ्या टोळीचं हिवाळ्याचं घर म्हणजे भरतपूर. १९६० च्या दशकात इथे दोनशेच्या आसपास यायचे. मग कमी होत होत २००१-०२ च्या हिवाळ्यात फक्त एक जोडी आली. त्यानंतर कोणीच नाही. येण्याच्या वाटेवरची शिकार हे याचं एक मोठं कारण मानतात. या जातीची पूर्वेकडची टोळी चीनमधल्या पोयांग सरोवरावर अजून उतरते, पण भरतपूरची वाट माहीत असलेले संपले. क्रौंच पिल्लाला पहिल्या वर्षी बरोबर घेऊन उडतात आणि वाट दाखवतात. दाखवणारेच गेले तर वाट पण गेली.

म्हणून आज गेट्स उघडले, तळी काठोकाठ भरली, तरी क्रौंच येणार नाहीत. दुरुस्त करता येतं तोपर्यंतच दुरुस्त करायचं असतं, हे मला तिथे पटलं.

पाइपमधलं पाणी

पार्कला वर्षाला साधारण ५५० दशलक्ष घनफूट पाणी लागतं असं धरलं जातं. सवयीने मी गेस्ट हाऊसमध्ये कॅल्क्युलेटर काढला. ५५० दशलक्ष घनफूट म्हणजे सुमारे १ कोटी ५५ लाख घनमीटर. पाणी भरणारा भाग धरा १० चौरस किलोमीटर. भागाकार केला की उंची येते १.५५ मीटर. माझी उंची पाच फूट एक इंच, म्हणजे तेवढीच. वर्षभराचं सगळं पाणी एकदम भरलं तर मी जेमतेम बुडेन. त्यातलं बरंचसं जमिनीत मुरतं आणि उन्हाने उडून जातं. एवढ्यावर सगळा खेळ चालतो.

पांचनाचं पाणी बेभरवशाचं झाल्यावर दुसरे मार्ग शोधले गेले. शेजारच्या मथुरा भागातलं पुराचं पाणी वाहून नेणारा गोवर्धन नाला आहे, त्यातलं पाणी वळवून पाइपलाइनने २०१२ पासून पार्कात आणलं जातं. चंबळच्या योजनेतूनही पाणी मिळतं. आकड्यांत बरीचशी भर पडली, पक्षी परत आले, आम्ही जे बघितलं ते त्यामुळेच. इंजिनियरिंग झिंदाबाद!

पण सरदारजी या बाबतीत आमच्या सरांपेक्षा कडक. म्हणाले, पाइपच्या पाण्यात मासा कुठे आहे? आणि खरंच आहे ते. नदी पुराबरोबर माशांची पिल्लं, किडे, बिया, गाळ सगळं घेऊन येते. पाइपमधून येतं ते मुख्यतः पाणी. चित्रबलाकाला पाणी नको आहे, त्याला पाण्यातलं जेवण हवंय. शिवाय कधी नको ते पाहुणे पण येतात. आफ्रिकन मागूर नावाचा बाहेरचा खादाड मासा इथे घुसला आणि खात्याला तो हजारोंनी पकडून काढावा लागला.

आम्ही पेपरात लिहितो, 'वॉटर डिमांड इतकी, सप्लाय इतका, हेन्स ओके.' भरतपूरला हे 'हेन्स ओके' लिहिता येत नाही. किती आलं याबरोबर कुठून आलं, कधी आलं आणि काय घेऊन आलं, हे तीन कॉलम आमच्या टेबलात नसतातच.

जायचं असेल तर

* नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित पक्ष्यांचा काळ. चित्रबलाकांची घरटी ऐन भरात बघायची असतील तर सप्टेंबर-ऑक्टोबर.
* सकाळी गेट उघडताना हजर राहा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, वैतागू नका, आधी ऐका.
* सायकल घ्या किंवा चाला. एक दिवस गाइड घ्याच, दुसऱ्या दिवशी स्वतः ओळखायचा प्रयत्न करा.
* दुर्बीण ८×४० पुरते. ८ म्हणजे आठपट मोठं, ४० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ४० ला ८ ने भागा, ५ येतात. हा आकडा मोठा असेल तर पहाटेच्या कमी उजेडात चित्र स्पष्ट दिसतं. नुसतं २०× बघून स्वस्तातली दुर्बीण घेऊ नका, हात हलतो आणि काही दिसत नाही. (अनुभव!)
* भडक कपडे, मोबाइलवर गाणी आणि ग्रुपमधला तो एक मित्र, यांना गेस्ट हाऊसवर ठेवा.
* निघण्याआधी चौकशी करा की यंदा पाणी आलंय का. तारखेपेक्षा हे महत्त्वाचं.

मामाचा फोन

परतताना गाडीत माझं आणि माझ्या मैत्रिणीचं भांडण झालं. ती म्हणाली, पांचनाचे शेतकरी स्वार्थी आहेत, पक्ष्यांना थोडं पाणी दिलं तर काय बिघडतं? मी पण हो म्हणणार होते. तेवढ्यात कोटा स्टेशनवर आईचा फोन आला आणि शेजारी मामा होता, म्हणून त्याच्याशी बोलले. माझ्या मामाचा कोपरगावला ऊस आहे. हिवाळा आला की तो कायम एकच गोष्ट बोलतो : कालव्याला आवर्तन कधी सुटणार. या वेळी पण तेच. दहा दिवस उशीर झाला होता आणि त्याचा आवाज ऐकूनच कळत होतं.

ते आवर्तन येतं नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून. निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवेच्या संगमावर. इंग्रजांच्या काळात शेतीला पाणी द्यायला बांधलेला हा बंधारा. त्याच्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी पसरलं आणि पक्षी यायला लागले. आज त्याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून ते जाहीर झालं. म्हणजे माझ्या मामाचा ऊस आणि ते पक्षी एकाच गेटच्या दोन बाजूंना आहेत. मी लहानपणापासून दर सुट्टीत कोपरगावला गेले, पण कालव्यात पोहण्यापलीकडे त्या पाण्याचा विचार कधी केला नाही.

मैत्रिणीला मी मामाबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "मग तू कोणाच्या बाजूने?" मला उत्तर देता आलं नाही. अजून देता येत नाही. पण एवढं कळलं की उद्या आपल्यापैकीच कोणीतरी त्या गेटजवळ उभं राहून ठरवणार आहे, किती इंच उघडायचं. तेव्हा त्याला ऊस पण दिसला पाहिजे आणि चित्रबलाक पण. एक जरी दिसला नाही तरी गणित चुकणार, आणि चुकलेलं गणित पेपरासारखं केटी देऊन सुटत नाही. क्रौंच परत आले नाहीत.

पुढच्या महिन्यात नांदूर मध्यमेश्वरला जायचं ठरवलंय. दुर्बीण आणि डबा आपापला आणायचा. मामाला पण बोलावलंय. तो म्हणाला, "येतो, पण आधी पाणी सुटू दे."